पिनकोड आमचा, नंबर दुसऱ्याचा: किनाऱ्यावरच्या एका लसीकरण केंद्राचं प्रकरण

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात लागलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचल्या, तरी निम्मं प्रकरण कळत होतं. एमएच-०७ च्या चार-दोन दुचाकी. बाकी चारचाकी: एमएच-०९ म्हणजे घाट उतरून आलेलं कोल्हापूर, एमएच-१२ म्हणजे पुणं, आणि एक-दोन गोव्याच्या. गेटबाहेर पारावर गावातली माणसं बसलेली. आत कोरोनाची लस टोचतायत हे त्यांना दिसत होतं, आपला नंबर का लागत नाही हे कळत नव्हतं.

केंद्राचं नाव देत नाही. तपशीलही जवळपासच्या दोन-तीन केंद्रांचे एकत्र बांधले आहेत, म्हणजे कुणा एका डॉक्टरवर किंवा आशाताईवर बोट जायला नको. तारखा, नियम आणि पोर्टलचं वागणं मात्र जसं होतं तसंच मांडलं आहे.

जागा आणि वेळ

वर कातळाचा सडा, खाली माडांच्या वाड्या, मध्ये खाडी. मोबाईलची रेंज सड्यावर. वाडीत एखादी काडी येते-जाते, आणि हवा पावसाळी झाली की तीही नाही. केंद्राच्या हाताखालची काही उपकेंद्रं खाडीपलीकडे. होडीने गेलं तर समोर दिसतंय, रस्त्याने जायचं तर पूल गाठून भलामोठा वळसा.

त्यात मे महिना. हापूसचा शेवटचा तोडा चालू, पेट्या भरायची घाई. मासेमारीचीही शेवटची धांदल, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. खलाशी एकदा समुद्रात गेले की दिवसचे दिवस किनाऱ्याला लागत नाहीत. शिमग्याला आलेले आणि निर्बंधांमुळे गावातच अडकलेले चाकरमानी घराघरांत होते.

लसीची परिस्थिती अशी. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचारी आणि मग आघाडीवरचे कर्मचारी. १ मार्चपासून साठीपुढचे आणि ४५ पुढचे सहव्याधी असलेले. १ एप्रिलपासून ४५ पुढचे सगळे. आणि १ मेपासून १८ ते ४४. या शेवटच्या गटाला दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, त्यांची लस राज्याने विकत घ्यायची होती, ४५ पुढच्यांची केंद्र सरकारकडून येत होती. दोन, त्यांना ऑनलाईन नोंदणी आणि ऑनलाईन वेळ घेतल्याशिवाय लस नव्हती. थेट केंद्रावर जाऊन नाव सांगायची सोय ४५ पुढच्यांना होती, यांना नाही.

म्हणजे केंद्राच्या एकाच आयएलआरमध्ये, म्हणजे लस ठेवायच्या बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये, त्याच गारव्यात, एकाच कंपनीच्या कुप्या दोन हिशेबांच्या. एका खोक्यातली कुपी दुसऱ्या खोक्यातल्या माणसाला द्यायची नाही. केंद्रातल्या फार्मासिस्टने खोक्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, तरी पारावरच्या माणसाला हे पटवणं अवघडच. "लस आसा म्हणतास, आणि आमका नाय म्हणतास, ह्या कसा?" या प्रश्नाला वैद्यकीय अधिकारी मॅडमांकडे कागदावरचं उत्तर होतं, पण त्याने कुणाचं समाधान होणार नव्हतं.

पोर्टल काय मागत होतं

कोविन, म्हणजे लसीकरणाचं सरकारी पोर्टल, शून्यातून उभं राहिलं नव्हतं. लसींचा साठा आणि शीतसाखळीचं तापमान यांवर नजर ठेवणारी ईविन नावाची प्रणाली देशात आधीपासून होती, तिच्यावर कोविनची उभारणी झाली. त्यामुळे साठ्याचा, सत्रांचा आणि दोन डोसांच्या नोंदीचा भाग पहिल्यापासून बऱ्यापैकी पक्का होता. कोणती लस, कोणती बॅच, कोणत्या दिवशी, कुणी टोचली, हे सगळं एका जागी राहायचं. हा भाग चांगला होता, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जी तक्रार आहे ती या भागाबद्दल नाही.

तक्रार रांगेबद्दल आहे. नोंदणीसाठी मोबाईल नंबर, त्यावर येणारा ओटीपी, तो १८० सेकंदांत भरायचा. एका नंबरवर चार माणसं. फोटो असलेलं ओळखपत्र. मग पिनकोड टाकून किंवा जिल्हा निवडून केंद्र शोधायचं. जागा दिसली की दाबायचं. मे महिन्याच्या सुरुवातीलाच वर कॅप्चाही आला, वाकडी अक्षरं ओळखून भरायची. पान इंग्रजीत. मराठी धरून इतर भाषा आल्या त्या जूनच्या सुमाराला.

२८ एप्रिलला दुपारी चारला १८ ते ४४ ची नोंदणी उघडली आणि त्या एका दिवसात देशभरात एक कोटीहून जास्त लोकांनी नावं घातली. नाव घातलं म्हणजे लस मिळाली असं नव्हे. नाव एकदाच घालायचं, पण जागा रोज शोधायची. सत्र कधी उघडणार याची वेळ ठरलेली नव्हती. कधी संध्याकाळी, कधी रात्री उशिरा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या लॉगिनमधून सत्र चढलं की दिसायला लागायचं आणि बघता बघता संपायचं.

शहरातल्या पोरांनी यावर तोडगा काढला होता. पोर्टलची सार्वजनिक माहिती एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या वाटेने, खुली होती, तिच्यावर छोटे प्रोग्रॅम लिहून जागा उघडली की टेलिग्रामवर सूचना धाडणारे गट उभे राहिले. मेच्या पहिल्या आठवड्यात सरकारने त्याला लगाम घातला: एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, पाच मिनिटांत शंभरच विचारणा, आणि दिसणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल. यात त्या पोरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्याला जे साधन हाताशी आहे ते तो वापरणारच. पण पुण्यात बसून सिंधुदुर्ग जिल्हा निवडणाऱ्याला जागा उघडल्याचं मोबाईल गुणगुणून सांगत होता, आणि केंद्राच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला सत्र उघडलं होतं हे दुसऱ्या दिवशी गाड्या बघून कळत होतं.

गणपतीत कोकणकन्येचं आरक्षण ज्याने एकदा तरी काढून पाहिलंय, त्याला हे निराळं समजवायला नको. फरक इतकाच की गाडी सुटली तर एसटी असते.

केंद्रावरच्या आरोग्यसेविकेने मासे विकणाऱ्या एका काकींसाठी स्वतःच्या फोनवरून प्रयत्न करून पाहिला. काकींचा फोन साधा, त्यावर ओटीपी येणार. काकी वाडीत, सेविका केंद्रावर. फोन लावून विचारायचं, आकडे ऐकायचे, भरायचे. "ओटीपी येयसर फोन बंद पडता गो बाय," काकींचं म्हणणं. दुसऱ्यांदा आकडे आले तेव्हा मुदत उलटलेली. तिसऱ्यांदा आत शिरता आलं, आणि यादीत त्या आठवड्याच्या सगळ्या खणांमध्ये 'बुक्ड' लिहिलेलं होतं. काकी ४२ वर्षांच्या. तीन वर्षं मोठ्या असत्या तर चालत येऊन लस घेऊन गेल्या असत्या.

चाल

शंभर जागांचं सत्र. कुप्या दहा, प्रत्येकीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं फेकायचं. त्या दिवशी आलेल्यांत स्थानिक किती, हे सेविकेने बोटांवर मोजलं असतं.

दुपारी सरपंच, दोन सदस्य आणि गावातली तीसेक माणसं केंद्रात आली. भांडण म्हणावं इतकं तापलं नाही, पण आवाज चढले. "लस आमच्या गावात इली, टोचून घेतत घाटार्‍ले. आमी काय नुसता बघीत रवाचा?" उद्यापासून बाहेरच्या गाडीला आत सोडणार नाही, असंही कुणीतरी बोललं.

मॅडमांसमोर सरळ मार्ग दोन. बाहेरच्यांना परत पाठवायचं, किंवा नियम दाखवून गावकऱ्यांना परत पाठवायचं. पहिल्याला आधार नव्हता. लस देशात कुठेही घेता येईल, रहिवासाचा पुरावा लागणार नाही, हे मुळातलं तत्त्व होतं. आणि माझ्या मते ते तत्त्व बरोबरच होतं. रहिवासाची अट घातली असती तर सगळ्यात आधी मार बसला असता तो कोकणातल्याच माणसाला: मुंबईत भाड्याने राहणाऱ्या, रेशनकार्ड गावचं असलेल्या चाकरमान्याला. विरार-नालासोपाऱ्याच्या केंद्रावर त्यालाच कुणीतरी म्हटलं असतं, तुझ्या गावाला जा.

घाटावरून आलेला माणूसही चोर नव्हता. त्याच्याकडे रीतसर वेळ होती, ८ मेनंतर तर चार आकडी गुप्त कोडही होता, जो केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसे. त्याच्या शहरात जागा मिळत नव्हती म्हणून तो तीन-चार तास गाडी हाकून आला होता. रांगेत त्याचा नंबर खरोखरच पहिला होता. अडचण ही की गावातली माणसं त्या रांगेत उभीच नव्हती. रांग कुठे लागते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

'प्रथम येईल त्याला प्रथम' हे वाक्य आपल्याकडे न्यायाचं म्हणून खपून जातं, कारण रेशनच्या दुकानापुढे ते डोळ्यांना दिसतं. आधी आलेला पुढे उभा असतो, मध्ये घुसणाऱ्याला मागचे चार जण ओढतात. पडद्यावरच्या रांगेत कोण पुढे आहे ते कुणालाच दिसत नाही. तिथे लवकर येणं म्हणजे चांगला फोन, चांगली रेंज, इंग्रजी वाचता येणं, दिवसातून वीसदा पान उघडून बघायची फुरसत, आणि जागा मिळाली तर तिथवर जायला गाडी. यातल्या एकाही गोष्टीचा संबंध लसीची गरज किती आहे याच्याशी नाही.

मॅडमांनी दोन्ही मार्ग सोडले. त्या दिवशी वेळ घेऊन आलेल्या सगळ्यांना लस दिली. सरपंचांना सांगितलं की तालुक्याला लेखी कळवते, आणि तोवर ज्यांना नोंदणी जमत नाही त्यांची नावं आशाताईंकडे द्या. कळवलंही. उत्तर यायच्या आत परिस्थितीच बदलली. साठा पुरेना म्हणून राज्याने १२ मेच्या सुमाराला १८ ते ४४ चं लसीकरणच थांबवलं आणि हातातली लस ४५ पुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवली. दुसऱ्याच दिवशी, १३ मेला, कोविशील्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. पहाटे उठून दुसऱ्या डोसासाठी आलेल्या म्हाताऱ्यांना पोर्टल ८४ दिवस पुरे झाल्याशिवाय पुढे सोडेना. एका आजोबांनी पहिल्या डोसाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, त्यावर सेविकेनेच आधीची तारीख लिहून दिलेली. तिच्याच अक्षरातली तारीख तिने खोडून नवी लिहायची, हे तिला फार लागलं.

आणि १६ मेला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे, आंबा आडवा, लाईट नाही, रेंज सड्यावरही नाही. आयएलआरची गंमत ही की त्याला दिवसातून आठेक तास वीज मिळाली तरी आतला गारवा टिकतो. जनरेटरवर त्याचं भागलं, लस वाचली. पोर्टल मात्र त्या दिवसांत या गावांपुरतं नव्हतंच.

वही

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, तिथे येतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली होती. पथकं घरोघरी गेली, प्रत्येकाचं तापमान आणि ऑक्सिजन पाहिलं, कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाचं डायलिसिस चालू, हे सगळं विचारून लिहून घेतलं. म्हणजे कुठल्या घरात कुणाला लस आधी मिळायला हवी, याची माहिती लस यायच्या आधीच गोळा झालेली होती. गोळा करणाऱ्या आशाताईच होत्या. नोंदणीचं पोर्टल आलं तेव्हा त्याने या याद्यांकडे पाहिलं नाही. त्याने प्रत्येक माणसाला नव्याने दारात उभं केलं आणि विचारलं, तुझा मोबाईल नंबर काय.

मॅडमांनी आशाताईंना त्यांच्या वह्या आणायला सांगितल्या. लांब, पुठ्ठ्याच्या, कोपरे दुमडलेल्या वह्या. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं, वय, आजार. वयासमोर कुठे '४० च्या वर' एवढंच. मधली काही पानं वादळात भिजून शाई पसरलेली. त्यावरून वाडीवार याद्या निघाल्या: ४५ पुढचे पण एकही डोस नसलेले, त्यात सहव्याधी असलेले आधी, मग अंथरुणाला खिळलेले, मग खलाशी आणि त्यांच्या घरचे, मग बागेतले कामगार.

२४ मेला केंद्र सरकारने १८ ते ४४ साठीही सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणी करायची मुभा राज्यांना दिली. २१ जूनपासून खरेदीचं धोरण बदललं, सगळ्या प्रौढांसाठी केंद्र सरकारच राज्यांना लस पुरवू लागलं आणि जागेवर नोंदणी ही सर्रास गोष्ट झाली. आपल्या आरोग्य केंद्राने यादीचं काम आधीच उरकून ठेवलेलं असल्यामुळे त्यांना वाट पाहावी लागली नाही. लस येणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी कळायचं. कळलं की आशाताई त्या वाडीतल्या यादीतल्या माणसांना निरोप द्यायच्या. "काकी, सोमवारी सकाळी उपकेंद्रावर येवा. आधारकार्ड घेवन येवा, आणि न्हेरी करून येवा." लस व्हॅक्सिन कॅरिअरमधून उपकेंद्रावर जायची, खाडीपलीकडे होडीतून. नोंद तिथे रेंज असेल तर तिथेच, नसेल तर कागदावर लिहून संध्याकाळी केंद्रात. जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या, खलाशी घरात, त्यामुळे माणसं सापडत होती. मासे विकणाऱ्या त्या काकींना अशाच एका सत्रात लस मिळाली.

म्हणजे सगळं छान झालं? नाही. वहीचीही रांग होती, आणि तिलाही वशिला होता.

पहिल्याच यादीत एका सदस्याच्या घरातली तिशीतली तीन माणसं वर आली. आशाताई त्याच वाडीतली सून, सदस्य तिचा चुलत दीर. तिने नाही म्हणायचं कसं? दुसऱ्या एका वाडीतून तक्रार आली की वरच्या आळीची नावं आधी आणि खालच्या आळीची मागून. ज्यांनी ही तक्रार केली त्यांना पोर्टलच बरं वाटत होतं: तिथे निदान कोण कुणाचा हे बघत तरी नाहीत. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गावगाड्यात ज्याचा नंबर पिढ्यानपिढ्या शेवटी लागत आला, त्याला तोंड न बघणारं यंत्र हा आधार वाटू शकतो.

मॅडमांनी केलं ते साधं होतं. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. नाव, वाडी, क्रम, आणि क्रम कशामुळे: वय, सहव्याधी, मच्छीमार, असा एक शब्द. आजाराचं नाव नाही, कारण कुणाला काय आजार आहे हे चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नव्हे. पहिली यादी लागली त्या संध्याकाळीच सदस्याच्या घरची तिन्ही नावं खाली गेली, कुणाला काही बोलावं लागलं नाही. एका बाईने येऊन सांगितलं की माझी सासू यादीत आहे पण ती मार्चमध्येच गेली. एका घराने सांगितलं की आमचा आजा यादीतून सुटलाय. चूक फलकावर दिसली की गावच ती दुरुस्त करतं. पडद्यावरची चूक कुणाला दिसतच नाही, तर दुरुस्त कोण करणार?

चाकरमान्यांचा प्रश्न फलकानेही सुटला नाही. शिमग्यापासून गावात असलेला, मतदान मुंबईत, घर इथे: हा स्थानिक की बाहेरचा? एका वाडीने त्यांना यादीत घेतलं, शेजारच्या वाडीने घेतलं नाही. मॅडमांनी शेवटी 'सध्या झोपतो कुठे' हा निकष धरला. गावात मुक्काम असेल तर यादीत, कागद कुठलाही असो. काहींना हे आवडलं नाही. पण लस आणि साथ या दोन्हींच्या दृष्टीने माणूस राहतो तिथला, हे मला पटतं.

मोबाईल नसलेला, कागद नसलेला

देवगडच्या बागांत आणि होड्यांवर नेपाळी माणसं कित्येक वर्षं काम करतात. बाग राखायची, आंबा उतरवायचा, जाळी ओढायची. हापूसच्या पेटीमागे यांचे हात असतात, पण कुठल्याही यादीत नाव नसतं. आधार नाही, मतदार ओळखपत्र नाही, अनेकांकडे पासपोर्टही नाही, कारण नेपाळमधून यायला तो लागत नाही.

ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्र सरकारने ६ मे २०२१ ला कार्यपद्धती काढली होती. जिल्ह्याने असे गट शोधायचे, त्यांच्यासाठी एक समन्वयक नेमायचा, त्याच्याकडे वैध ओळखपत्र आणि चालू मोबाईल असावा, त्याच्या आधारावर बाकीच्यांची नोंद करायची. ही पद्धत मुळात भटके, भिक्षेकरी, तुरुंगातले, मनोरुग्णालयातले यांच्यासाठी होती. बागायतदारांना गाठून बागेतल्या कामगारांची नावं तिच्यात बसवण्याची खटपट आरोग्य केंद्राने केली, आणि काही सत्रं झाली.

गुंता झाला तो पुढे. नोंद समन्वयकाच्या मोबाईलवर. पहिला डोस घेऊन माणूस पावसाळ्यात नेपाळला गेला किंवा गोव्यातल्या होडीवर लागला. ८४ दिवसांनी त्याने दुसरीकडे लस मागितली तर तिथे त्याचा पहिला डोस सापडणार नाही, कारण तो शोधायला लागणारा ओटीपी देवगडातल्या बागायतदाराच्या खिशात. मग तिथे पुन्हा पहिला डोस म्हणून नोंद. अशी दोन 'पहिल्या डोस'ची प्रमाणपत्रं नुसती अशा कामगारांचीच निघाली नाहीत. मुलाच्या नंबरवर पहिला आणि सुनेच्या नंबरवर दुसरा डोस घेतलेल्या कितीतरी आजी-आजोबांची निघाली. मोबाईल नंबर म्हणजे माणूस, असं धरून बांधलेल्या प्रणालीत हे होणारच. घरात एक फोन आणि सात माणसं असतील तर तो नंबर कुणाचा?

दिल्लीत काय चाललं होतं

हे सगळं एका किनाऱ्यापुरतं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने साथीतल्या पुरवठ्याबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. एस. रवींद्र भट यांच्यापुढे हाच मुद्दा होता. ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायालयाने दाखवून दिलं की शहरी भागात दूरध्वनी जोडण्यांचं प्रमाण शंभर टक्क्यांपुढे आहे आणि ग्रामीण भागात साठ टक्क्यांच्याही खाली. केवळ पोर्टलवर विसंबून १८ ते ४४ या वयोगटाचं लसीकरण केलं तर या दरीमुळे सगळ्यांपर्यंत ते पोचणार नाही. दृष्टिहीनांना कॅप्चा आणि जागा शोधायचे खण वापरता येत नाहीत, हेही त्यात आहे. आपल्याकडे सड्यावर चढून रेंज शोधणाऱ्या माणसाला हा आदेश कधी वाचायला मिळाला नसेल, पण तो त्याच्याबद्दल होता.

सरकारची बाजूही नोंदवायला हवी. जूनच्या मध्यात आरोग्य मंत्रालयाने आकडे दिले: १३ जूनपर्यंत कोविनवर नोंदलेल्या २८.३६ कोटी लोकांपैकी १६.४५ कोटी, म्हणजे ५८ टक्के, जागेवरच नोंदले गेले. आणि तोवर दिलेल्या २४.८४ कोटी डोसांपैकी १९.८४ कोटी, जवळजवळ ८० टक्के, थेट येणाऱ्यांना दिले गेले. हे आकडे दाखवून म्हटलं गेलं की पोर्टलमुळे ग्रामीण माणूस बाहेर राहिला हे खरं नाही. आकडे खरेच आहेत. फक्त ते सगळ्या वयोगटांचे मिळून आहेत, आणि त्यातला मोठा वाटा ज्यांना पहिल्यापासून थेट यायची मुभा होती त्यांचा. मे महिन्यातल्या १८ ते ४४ च्या रांगेचं काय, हे त्या एकूण बेरजेत दिसत नाही. उलट मी ते आकडे असे वाचतो: जिथे दार उघडं ठेवलं तिथे माणसं दारातून आली. मग तरण्यांनाच तीनचार आठवडे खिडकीतून का यायला लावलं?

हिशेब

या केंद्रावरून काय उचलावं असं मला विचारलं, तर नोंद आणि रांग या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात, हे पहिलं. नोंद संगणकावरच हवी. दुसरा डोस कधीचा, साठा किती, बॅच कोणती, वाया किती गेलं, हे वहीवर सोपवणं म्हणजे घोळाला आमंत्रण. पण कुणाचा नंबर आधी, हे ठरवायचं काम बोटाच्या वेगावर सोडू नये.

तुटवडा असेल तेव्हा सत्रातला ठरावीक वाटा त्या केंद्राच्या क्षेत्रात मुक्काम असलेल्यांना यादीने, आणि उरलेला कुणालाही. सत्र उघडायची वेळ ठरलेली आणि आदल्या दिवशी जाहीर, भोंगा लावलेल्या रिक्षाने सांगितली तरी चालेल. खुल्या वाट्यातही पहिला येईल त्याला, असं न करता दिवसभर नावं घ्यावीत आणि संध्याकाळी सोडत काढावी. सोडतीला वेगवान फोन लागत नाही. म्हाडाच्या घरांना चालते तर लसीला का नको? आणि कुपीतले उरलेले डोस फेकायची वेळ येऊ नये म्हणून केंद्रापासून हाकेच्या अंतरावरच्यांची वेगळी छोटी यादी. हे शेवटचं या केंद्राने केलं, आणि दुपारी तीननंतर शेजारच्या शाळेतल्या शिपायापासून बाजारातल्या न्हाव्यापर्यंत सगळे एका हाकेवर येत होते.

यात एक खर्च कुठेच धरलेला नाही. यादी करणं, निरोप देणं, खाडी ओलांडणं, म्हाताऱ्याला धरून आणणं, ओटीपी विचारायला दहा फोन करणं, हे सगळं आशाताईंनी केलं, बहुतेक वेळा स्वतःच्या फोनच्या स्वतःच्या रिचार्जवर. राज्यातल्या आशांनी १५ जून २०२१ पासून मानधनासाठी संप केला तो नेमका या काळात, जागेवरची नोंदणी सगळ्यांसाठी खुली होण्याच्या आठवडाभर आधी. संपाच्या दिवसांत या केंद्रावर सत्रं झाली, पोर्टल चालू होतं, लसही होती. खाडीपलीकडच्या उपकेंद्रावर मात्र सेविका कॅरिअर घेऊन बसून राहिली, कारण कुणाला कधी यायचंय हे वाडीत सांगणारं कुणी नव्हतं.